गारपिटीचा अंदाज आधीच आला होता

प्रिय दोस्ता,

फोनवर तू विचारलंस, गारा पडल्या म्हणे, घरी बरं आहे ना, अन् मी हो म्हणेपर्यंत लाईन कटली, मग लाईटच गेली गावातली अन् मोबाईल पडून राहिला. आता लाईट आली तर म्हटलं फोनवरच्या पाच मिनिटांत हे सांगून होणार नाही, नीट लिहूनच पाठवतो. पहिले हे वाच, काकाजी बरे आहेत, काकू बरी आहे, बैलजोडी बरी आहे. बाकीचं सांगतो, अन् त्यातलं काही काकाजी तुला स्वतःहून सांगणार नाहीत म्हणून मी सांगून राहिलो.

ही गारपीट अचानक नाही आली रे. रविवारीच नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय तक्ता आमच्या कास्तकारांच्या ग्रुपवर आला होता, अमरावती, नागपूर, वर्धा, तिन्हीच्या बुधवारच्या रकान्यात ऑरेंज, म्हणजे तयारीत राहायचा इशारा, खाली लिहिलेलं, मेघगर्जना, विजांचा कडकडाट, ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाचा वारा, तुरळक ठिकाणी गारपीट. त्या दिवशी बाहेर बघशील तर आभाळ एकदम स्वच्छ, ऊन पडलेलं, लोकं वाचून पुढे गेले. पण सोमवारी रात्री मला खटकलं, फेब्रुवारीत आपल्याकडे पहाटे दात वाजतात अन् इथे रात्री गोधडी नको वाटून राहिली, वारा उत्तरेकडचा बंद होऊन पूर्वेकडून दमट यायला लागला. मंगळवारी दुपारी तर अंगाला चिकचिक, जशी जूनमध्ये होते.

मला ह्या विषयाचा नाद आहे हे तुला माहीतच आहे. होतं असं की हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, इराण, पाकिस्तानवरून काश्मीर, हिमाचलला पोचतात, तिकडे बर्फ पडतो, बहुतेक वेळा आपल्याला नुसता गारठा मिळतो. पण एखादा झंझावात जोरदार असला, खाली दक्षिणेपर्यंत त्याचा जोर पोचला, अन् त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओलं वारं आत आलं, तर दोन्ही आपल्याच डोक्यावर भेटतात, विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड ह्या पट्ट्यात. खाली दमट गरम हवा, वर थंडगार कोरडी हवा, दुपारचं ऊन लागलं की खालची हवा जोरात वर उसळते अन् ढग काही तासांत आभाळाला भिडतात. पावसाळ्यातही ढग उंच असतात ना, मग तेव्हा गारा काहून नाही पडत? कारण पावसाळ्यात पाणी गोठायची पातळी पाच किलोमीटरच्याही वर असते, गार खाली येता येता वितळून थेंब होते, अन् फेब्रुवारीत ती पातळी बरीच खाली असते, हवाही वर जास्त थंड, मग गार गारच राहून जमिनीवर येते. आपल्या भागात गारपिटीचा धोका पावसाळ्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त असतो तो ह्याच्यामुळे, अन् नेमका तेव्हाच रब्बीचा माल वावरात उभा असतो.

मंगळवारी आम्ही जे हाताला लागेल ते झाकलं. माझी तूर सोंगून गंजी लावलेली होती, हडंबेवाल्याचा, म्हणजे मळणी यंत्रवाल्याचा, नंबर शुक्रवारी, त्याला किती विनवलं पण त्याच्याकडे त्या दिवशी सगळेच धावलेले, तो तरी कुठे कुठे जाणार. मग गंजीच्या बुडाशी मातीचा बांध घातला पाणी आत जाऊ नये म्हणून, दोन ताडपत्र्या एकमेकीवर चढवल्या, नुसती दोरी बांधून उपयोग नाही, वारा आतून शिरतो अन् ताडपत्री फुगून फाटते, म्हणून कडांच्या प्रत्येक छिद्राला अर्धी अर्धी वीट बांधून लोंबकळत सोडली. तुझ्या घरची गंजीही तशीच बांधली, काकाजी म्हणत राहिले, अरे हे हवामानवाले दरवर्षी सांगतात, पडतं का काही. पण बांधू दिली. कापसाचा शेवटचा वेचा घरात होता ते बरं. हरभऱ्याला अन् गव्हाला कोण झाकणार, अन् संत्र्याला तर नाहीच नाही.

आता ते काकाजींचं. बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास मोबाईलवर पुढच्या तीन तासांचा इशारा आला, नागपूरचं रडार ढग बघतं त्यावरून देतात तो, आमचा तालुका त्यात होता. दामिनी ॲप उघडलं, विजा कुठे पडतात ते दाखवणारं, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं, तर आमच्या जागेपासून २० किलोमीटरच्या आतच्या गोलात विजा पडताना दिसून राहिल्या. पश्चिमेकडून आभाळ काळं नाही, हिरवट-जांभळं झालेलं. काकू दारात उभी, म्हणे हे अजून वावरातून आले नाहीत. मी गाडी काढली. काकाजी धुऱ्यावरच्या कडूनिंबाखाली बैल बांधून स्वतः बुंध्याला टेकून बसले होते रे, थेंब यायला लागले म्हणून. तुला सांगतो, माझ्या पोटात गोळाच आला. वीज उंच झाडावर पडते अन् खोडातून जमिनीत पसरते, खाली माणूस असो की जनावर, सुटत नाही, आपल्याकडे दरवर्षी कास्तकार अन् मजूर मरतात ते बरेचसे असेच झाडाखाली थांबून. मी बैलांचे दावे सोडले, बैल घराच्या वाटेला आपोआप लागले, काकाजींना मागे बसवलं अन् सरळ शाळेच्या स्लॅबच्या खोलीत आलो. ते रागावले माझ्यावर, चप्पल तिथेच राहिली म्हणून.

आम्ही आत शिरलो अन् पाच मिनिटांत सुरू. आधी वारा, मग टिनावर एक एक ठोका, मग काही ऐकूच येईना. बोराएवढ्या गारा, मधे मधे लिंबाएवढ्या, शाळेचं मैदान पांढरं झालं. काकाजी दारात उभे राहून बघत होते, बोलले नाही काहीच. गारा थांबल्या तेव्हा मी एक गार उचलून फोडली, आत कांद्यासारखे थर, एक दुधी, एक काचेसारखा, ढगात कितीदा वर-खाली झाली असेल ती.

नुकसान सांगतो. गंज्या वाचल्या, तुझी पण, माझी पण, खालची एखाद पेंढी ओली झाली तेवढीच. हरभऱ्याचे घाटे भरले होते, निम्म्याच्या वर झडून मातीत. गहू लोळला, ओंबी होती तशी काही उठेल काही नाही. अन् संत्रा, आंबियाचा, म्हणजे हिवाळ्यातल्या बहाराचा, फुलोरा आत्ताच लागला होता, बागेत शिरलो तर वास एवढा की डोकं गरगरावं, पण सगळा वास खालून येऊन राहिलेला, झाडाखाली फुलांचा सडा अन् त्यात हिरवी पानं चिरलेली. मृगाची, म्हणजे पावसाळ्यातल्या बहाराची, फळं तोडीला आली होती, व्यापाऱ्याने इसार दिलेला. ज्या फळाला गार लागली त्याच्यावर आज नुसता पिवळसर डाग दिसतो, बोटाने दाबलं की आत मऊ लागतं, चार दिवसांत तिथून सडतं अन् गळतं. व्यापारी येऊन गेला, फळ हातात फिरवून बघितलं अन् भाव पाडून मागितला. त्याचंही नुकसानच आहे पण कास्तकाराचं वर्ष जातं. विहिरीजवळच्या झाडाखाली बगळे मरून पडले होते, ते मला अजून दिसून राहिलेत.

तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला येतील, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असलं की मदतीत बसतं, २०१५ च्या आधी हीच अट ५० टक्के होती. तुझ्या वावराचे फोटो मी काढून ठेवले, गट नंबरचा दगड दिसेल असे. झाडांच्या मोडलेल्या फांद्या छाटून बोर्डो मलम (बुरशी लागू नये म्हणून) लावणं सुरू आहे, हरभऱ्यातलं साचलेलं पाणी चारी काढून बाहेर दिलं, नाहीतर उरलेलाही मर रोग लागून जाईल.

तुला आठवते २०१४ ची गारपीट? फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मधे मधे पडतच राहिली होती, विदर्भ, मराठवाडा, सगळीकडे. मग २०१८ च्या फेब्रुवारीतली. तेव्हा आमच्या गावात कोणाजवळ तीन तासांचा इशारा नव्हता, पेपरमध्ये दुसऱ्या दिवशी वाचलं. आज मोबाईलवर दुपारीच कळतं. म्हणून मला लोकांचं हे पटत नाही की बाजूच्या गावात पडलं नाही म्हणजे अंदाज चुकला. आमच्यापासून सात-आठ किलोमीटरवर थेंब नाही पडला हे खरं आहे, पण तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के हवामान केंद्रांवर, अंदाजात हेच लिहिलेलं होतं. ढग बुधवारी दुपारी नेमका कोणाच्या वावरावर फुटेल हे रविवारी कोणीच सांगू शकत नाही, जिल्ह्याचं सांगू शकतात, अन् ते त्यांनी सांगितलं. इशारा पिवळा असला की लक्ष ठेवायचं, ऑरेंज असला की तयारीला लागायचं, लाल असला की कामाला लागलेलं असायचं. आपलं वावर त्या २५ टक्क्यांत आहे असं धरूनच गंजी झाकायची, नाही पडलं तर दोरीच सोडावी लागेल, दुसरं काही जात नाही.

आता तुझ्यासाठी काम. काकाजींजवळ बटनाचा मोबाईल आहे, त्यात काही येत नाही. होळीला येशील तेव्हा एक साधा टच स्क्रीन आण, दामिनी अन् मेघदूत (शेतीसाठी हवामान सल्ल्याचं ॲप) दोन्ही टाकून दे, मराठीत दिसतं, मी शिकवतो त्यांना. तोपर्यंत मंगळवार अन् शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो मी तुला पाठवत जाईन, तू त्या संध्याकाळी काकाजींना फोन करून वाचून दाखव. माझं ऐकतात पण अर्धं, तू पुण्याहून सांगितलं की वेगळं वजन पडतं. अन् झाडाखाली थांबायचं नाही हे तू स्वतः सांग, रागावून नको सांगू, नुसतं सांग की मला काळजी वाटते. त्यांना चालेल.

हडंबा सोमवारी येऊन राहिला आहे, तुमची तूर माझ्यासोबतच काढून घेतो, कुटार (तुरीचा भुसा) गोठ्याच्या माळ्यावर टाकायला सांगितलं काकूने. भाव कळला की फोन करतो. वहिनीला नमस्कार, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझाच,
गावाकडचा दोस्त