‘पित्त असेल, सकाळी या’

महोदय,
‘चष्म्याला कायमचा रामराम’ अशा जाहिराती हल्ली चौकाचौकात दिसतात. माझ्या मुलीचा नंबर उणे ११. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ, त्यामुळे लेसर जमणार नव्हते. म्हणून डोळ्याच्या आत लेन्स (आयसीएल) बसवली. त्याच रात्री तिचे कपाळ ठणकू लागले, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. फोनवर उत्तर मिळाले, ‘पित्त असेल, सकाळी या.’ सकाळी डोळ्याचा दाब ४८, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त भरला. लेन्स मापापेक्षा मोठी निघाली. ती काढून लहान बसवावी लागली. नजर वाचली, हे आमचे नशीब.

ही लेन्स बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे, अगदी चिंचोळ्या जागेत बसते. मोठी झाली तर बुबुळ पुढे ढकलले जाते, डोळ्यातले पाणी तुंबते, दाब वाढतो. लहान झाली तर भिंगाला टेकून ऐन तारुण्यात मोतीबिंदू होऊ शकतो. कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे त्यांची मोजणी पुढेही करत राहावी लागते. चष्मा सुटला म्हणून मोठ्या नंबरमुळे असलेला नेत्रपटल (डोळ्यातला मागचा पडदा) सुटण्याचा धोकाही जात नाही. हे आम्हाला नंतर कळले.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. मुलगी आज चष्म्याविना कॉलेजला जाते. पण संमतीपत्र मराठीत, समजेल असे हवे, आणि पहिल्या रात्री फोन उचलणारा नेत्रतज्ज्ञच असावा.

– एक आई, सांगली