रोमहून, सांत इग्नात्सियो बघून आल्यावर

चिनू,

आज रोममध्ये सांत इग्नात्सियो चर्च बघून आलो आणि तिथे तुझी इतकी आठवण आली की हॉटेलवर आल्या आल्या लिहायला बसले. बाहेरून तसं साधंच वाटतं, पण आत शिरलो आणि मान वर गेली ती खाली येईना. भिंतींचे खांब छतात शिरून वर वर चालूच राहतात, कमानी, त्यावर अजून कमानी, आणि मग छत नाहीच, उघडं आकाश आणि त्यात तरंगणारी माणसं, खरी भिंत कुठे संपली आणि रंग कुठे सुरू झाला मला खरंच कळलं नाही रे! जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या आंद्रेआ पोत्सो नावाच्या ब्रदरने १६९४ मध्ये हे छतावरचं चित्र पूर्ण केलं.

जमिनीवर संगमरवरी गोल चकती आहे, तिच्यावर उभं राहिलं की सगळे खांब ताठ उभे, चार पावलं बाजूला झालं की कलायला लागतात. छताखाली दोऱ्यांची जाळी ताणायची आणि खालच्या त्या एका बिंदूतून तिच्या रेषा वळलेल्या छतावर न्यायच्या, ही पद्धत त्याने स्वतःच्या पुस्तकात दिलीये. तू पर्स्पेक्टिव्हच्या शीट्स करताना एकेक रेष व्हॅनिशिंग पॉइंटला, सगळ्या रेषा जिथे जाऊन मिळतात त्या बिंदूला, जोडत रात्र रात्र जागायचास आणि मी लाईट बंद कर म्हणून ओरडायचे. तू काय करत होतास ते मला आज दिसलं.

घुमट तर कहरच आहे. तो बांधलेलाच नाही! सपाट कॅनव्हास आहे, साधारण १७ मीटर रुंद, १६८५ सालचा, त्यावर घुमटाचं चित्र. बाबा तर मानायलाच तयार नव्हते, त्यांना थेट खाली नेऊन उभं केलं तेव्हा पटलं. छत बघायला एक मोठा आरसा ठेवलाय, त्याच्यासमोर ही रांग. मला नाही आवडलं ते, मान दुखली तरी वरच बघावं.

फोटो पाठवत नाहीये, त्यात काही म्हणजे काही येत नाही. तू येशील तेव्हा आधी सरळ घुमटाखाली जा, सगळं तिरकं, विचित्र दिसेल, मग वर बघत बघत हळूहळू मागे ये. घुमटासाठी वेगळी खूण आहे जमिनीवर, तिथे पोचलास की तो वर उचलला जातो बघ.

आई