आईच्या सोनोग्राफीबद्दल

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, रिपोर्टचा फोटो मिळाला. 'सीबीडी डायलेटेड, ९ एमएम' या ओळीखाली तुम्ही पेनाने दोनदा रेघ ओढलीय आणि आई तर 'कॅन्सरच असेल' म्हणून मोकळी झाली! फोनवर ती ऐकून घेत नाही, म्हणून लिहितेय.

आई, सीबीडी म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात उतरतं ती नळी, आणि डायलेटेड म्हणजे ती रुंद झालीय. साधारण ६ एमएमपर्यंत नॉर्मल धरतात. पण तुझी पित्ताची पिशवी काढलेली आहे. अशांची नळी काहीही अडलेलं नसताना १० एमएमपर्यंत रुंद दिसू शकते. वयानेही ती थोडी सैलावते. रिपोर्टात त्या ऑपरेशनचा उल्लेखच नाही. डॉक्टरांना आधी ते सांगा.

म्हणून सोडून मात्र द्यायचं नाही. बाबा, केळीला जाणारी चारी पुढे तुंबली की पाणी मागे फुगतं, तसंच हे. बहुतेक वेळा खडा निघतो. पिशवी गेली तरी नळीत तो राहू शकतो, नव्याने होऊही शकतो. जुन्या ऑपरेशनच्या जागी नळी आकसते, स्वादुपिंडाच्या सुजेने दबते, क्वचित जंतही शिरतात. स्वादुपिंडाची किंवा नळीच्या तोंडाशी गाठ हेही कारण असतं, ते मी लपवणार नाही. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासून घेऊ.

आधी रक्ताच्या तपासण्या: बिलिरुबिन, अल्कलाईन फॉस्फेटेज; पित्त अडलंय का याचा अंदाज त्यातून येतो. मग जळगावला एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळीचा एमआरआय. गॅसमुळे सोनोग्राफीत नळीचं खालचं टोक नीट दिसत नाही, ते यात दिसतं. रेडिएशन नाही, मशीनचा ठकठकाट मात्र भारी. कोणी नुसतं बघायला म्हणून थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नळीची तपासणी) सुचवली तर आधी मला फोन करा. त्या दुर्बिणीने खडा काढता येतो, पण स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद किंवा शौच पांढरट झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थंडी वाजून ताप आला किंवा बरगडीखाली उजवीकडे जोरात दुखलं, तर रात्र असली तरी थेट दवाखाना. मावशी काविळीची माळ घेऊन येईल, तिला चहा पाजून परत पाठवा.

एमआरसीपीला उपाशीपोटी जायचंय, तेव्हा भरीत-भाकरी आल्यावर. ऑपरेशनची जुनी फाईल कपाटात जमिनीच्या कागदांखाली असेल, ती काढून ठेवा. शनिवारची वेळ घ्या, मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते.

तुमची लेक