चिनी जनरलची ओळख नीट द्या

मा. संपादक,

चीनच्या वेस्टर्न थिएटर कमांडचे (म्हणजे पश्चिम भागातील सैन्यदलांच्या संयुक्त कमांडचे) निवृत्त प्रमुख झाओ त्सोंगछी यांचा उल्लेख बातम्यांत बहुतेकदा 'जनरल झोंगकी' असा येतो. चिनी नावात आडनाव आधी येते, म्हणून 'जनरल झाओ' म्हणावे. आणि 'Zongqi' या रोमन लिखाणातल्या क्यूचा उच्चार 'छ', 'क' नव्हे.

झाओ २०१२ मध्ये जिनान लष्करी विभागाचे प्रमुख झाले आणि जुलै २०१५ मध्ये 'शांगजियांग', म्हणजे पूर्ण जनरल. १ फेब्रुवारी २०१६ रोजी चीनने सात लष्करी विभागांऐवजी पाच थिएटर कमांड केल्या. इथेच गफलत होते. जुने छंगदू आणि लानझोउ हे विभाग मुख्यतः वेस्टर्न थिएटर कमांडमध्ये आले आणि लडाखपासून अरुणाचलपर्यंतची सीमा एका हाताखाली गेली. आपल्याकडे तीच सीमा अनेक कमांडांत विभागलेली. म्हणून झाओंची तुलना आपल्या एकाच आर्मी कमांडरशी करणे चुकीचे आहे. शिवाय तिथे राजकीय कमिसार, म्हणजे सैन्यातला कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी, सेनापतीच्या बरोबरीचा असतो, हेही सांगायला हवे.

२०१७चा ७३ दिवसांचा डोकलाम पेच आणि १५ जून २०२०ची गलवान चकमक, दोन्ही वेळी कमांड झाओंकडेच होती. गलवानमध्ये आपले २० जवान हुतात्मा झाले. त्याच डिसेंबरात झाओ पायउतार झाले, तेव्हा त्याला थेट 'हकालपट्टी' म्हणणे घाईचे होते: या पदाची वयोमर्यादा ६५ आहे आणि त्यांचा जन्म १९५५चा. त्यानंतर मात्र सप्टेंबर २०२१पर्यंत तिथे एकामागोमाग तीन नवे सेनापती आले. चौकशी त्याची व्हावी.

— काही वाचक, नौपाडा, ठाणे