'दुष्काळ' या शब्दासाठी आभार

आदरणीय परीक्षक बाई,
सादर नमस्कार.

रविवारच्या वक्तृत्व स्पर्धेत रोजगार हमी योजनेवर बोलताना पहिल्याच वाक्यात अडकलेला मुलगा मी. नंबर आला नाही. तरी चार दिवस तुमचंच बोलणं डोक्यात घोळतंय.

मी लहानपणापासून तोतरा बोलतो. गणपतीच्या आरतीत जीभ अडत नाही, म्हणून घरच्यांना वाटायचं, एरवी मुद्दाम करतो. अनेकांच्या सुरात सूर मिसळला की तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. शाळेत प्रकट वाचनाला माझी पाळी आली की मला वगळून पुढच्या बाकावरचा उठायचा. गेल्या वर्षी एका परीक्षकांनी "एवढं धाडस केलंस, शाब्बास" म्हणत उत्तेजनार्थ बक्षीस हातात ठेवलं. भाषणाबद्दल अवाक्षर नाही. दहा दिवस राबलो होतो हो मी त्यासाठी!

तुम्ही निकालानंतर बाजूला बोलावलंत आणि आधी विचारलंत, "फक्त भाषणाबद्दल सांगू, की बोलण्याबद्दलही चालेल?" श्वास घे, सावकाश बोल, असे सल्ले रोज मिळतात, चालेल का, हे कुणी विचारलं नव्हतं. मग तुम्ही भाषणाची चांगली चिरफाड केलीत. १९७२ च्या दुष्काळावरच निम्मा वेळ गेला, योजनेचे जनक वि. स. पागे शेवटच्या घंटेला आले, १९७७ चा रोजगार हमी कायदा राहूनच गेला. सगळं खरं. म्हणजे तुम्ही ऐकलं होतंत, शब्दन् शब्द.

आणि मग हळूच म्हणालात, "पाच वेळा 'अवर्षण' म्हणालास. 'द' अडतो म्हणून ना?"

बाई, हे माझ्या आईलाही ठाऊक नाही. अडणारा शब्द यायच्या आत मी त्याच्या जागी दुसरा शोधून ठेवतो. वर्षानुवर्षं. कुणाला कळत नाही असं वाटायचं.

"तुझी आजी अवर्षणात खडी फोडायला गेली होती का? ती जे म्हणते तेच म्हण. लागेल तेवढा वेळ घे."

तिथेच म्हणून बघितलं. किती वेळ लागला कोण जाणे. तुम्ही शब्द पुरा करून दिला नाहीत, मान डोलावून घाई केली नाहीत. हातातला चहा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलात, आणि शब्द पूर्ण झाल्यावरच घोट घेतलात. तो चहा एव्हाना गार झाला असणार.

पुढच्या महिन्यात कॉलेजात तेच भाषण पुन्हा करतोय. कायदा घातलाय, पागे वर आणलेत. पहिलाच शब्द 'दुष्काळ' आहे.

आपला नम्र,
एक स्पर्धक