थर्मामीटर

नगर,
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र गुरुवारी आलं. फोनवर पप्पा लगेच स्पीकर लावतात म्हणून तू कागदावर लिहिलंस, बरं केलंस. मीही लिहूनच उत्तर देते. ते आत बातम्या लावून बसलेत.

आधी आई म्हणून रागावून घेते. पत्राचं तिसरं पान मी वाचलं आणि सकाळी बंबात टाकलं. तिकडे रुग्णालयात तू भेटलीस त्या आजारी मुलाच्या बापाचं नाव त्यावर नव्हतं, पण जिल्हा होता, मुलाचा आजार होता, वॉर्ड कितव्या मजल्यावर तेही होतं. वेल्लोर कुठे आणि नगर कुठे, असं तुला वाटलं असेल. पण ते दुःख त्यानं तुझ्यापाशी ठेवलं होतं, माझ्यापाशी नाही. पुढच्या वेळी मला असलं काही लिहू नकोस.

हे बोलायचा अधिकार मला चुकूनच मिळालाय. तू सहावीत असताना आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीनं मला घरचं काही सांगितलं होतं. बुधवारी महिला मंडळात प्रार्थनेचे विषय सांगायची माझी पाळी आली, आणि मी म्हणाले, ‘नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका घरी नवरा हात उगारतो, आठवण ठेवा.’ नाव कशाला घ्यायला हवं होतं? आपल्या वस्तीत गल्ल्या तीन. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. ती बाई नंतर त्या बैठकीला कधी आली नाही. अजूनही उपासना सुटली की दुसऱ्या फाटकानं जाते. आपल्याकडे चुगली चुगली म्हणून कोणी करतच नाही. प्रार्थनेचा विषय म्हणून करतात, वर डोळे मिटून. तुमच्या पाळकीय समुपदेशनाच्या कोर्सात गुप्तता हा एक धडा असेल. आपल्या मंडळ्यांत काम करायचं असेल तर तो निम्मा कोर्स धर.

आता तुझ्या रडण्याचं.

तू लिहिलंस, ‘माझी प्रार्थना सगळ्यांसमोर चिरून टेबलावर मांडली.’ तुझं व्हर्बेटिम गटात वाचलं गेलं आणि सरांनी एवढंच विचारलं की ती प्रार्थना त्या बापाला हवी होती की तुला. तुला उत्तर आलं नाही. खोलीवर येऊन तू बॅग काढलीस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या सरांचाच राग आला. लेकराला प्रार्थना केल्याबद्दल कोण बोलतं? रात्री पुन्हा वाचलं, आणि मग मला झोप लागली नाही.

व्हर्बेटिम म्हणजे काय ते तूच मागे समजावलं होतंस. पेशंटला भेटून आलं की आठवेल तसं, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मधे कोण गप्प बसलं, ओळीनं लिहून काढायचं. आणि समासात, त्या त्या वेळी आपल्या पोटात काय झालं ते. म्हणून मीही एक लिहिलंय. जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहितेय, तेव्हा सर मार्क कापतील.

मी तेव्हा नवी स्टाफ नर्स. बायकांचा वॉर्ड, नाइट ड्यूटी, कॉट नंबर अकरा. ऊसतोडीच्या टोळीतली बाई, कारखान्याच्या अड्ड्यावरून बैलगाडीतून आणलेली. मूल पोटातच गेलेलं. तिसरी रात्र.

ती: सिस्टर, पान्हा फुटलाय.
मी: फुटतो. घट्ट बांधून घे, दोन-चार दिवसांत आटेल.
ती: त्येला कोन पाजत आसंल वो?
मी: तो देवाजवळ आहे. रडू नको, टाक्यांना ताण पडतो.
ती: (काही नाही.)
मी: पाणी देऊ?
ती: नगं.
मी: थांब, टेंपरेचर घेते.

समासात लिहायचं ते असं. टेंपरेचर घ्यायची वेळ झालेली नव्हती. दहाला घेऊन चार्टवर मांडलंही होतं. पण थर्मामीटर तोंडात घातला की तोंड मिटतं. दोन मिनिटं तिला बोलता आलं नाही, आणि मला ऐकावं लागलं नाही. माझ्या हाताला काम मिळालं, डोळ्यांना पारा मिळाला. मग मी पुढच्या कॉटकडे गेले. सकाळच्या रिपोर्टात मी लिहिलं, ‘कॉट अकरा, शांत झोप.’ ती झोपली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुसऱ्या दिवशी टोळीतली माणसं येऊन तिला घेऊन गेली. तिचं नाव मला आठवत नाही. पदर ओला झालेला आठवतो.

तुझ्या व्हर्बेटिममध्ये तो बाप म्हणाला, ‘पोराला काय सांगू, घरी कधी जायचं विचारतो.’ आणि पुढच्याच ओळीत तू म्हणालीस, ‘आपण प्रार्थना करू या का?’ त्यानं हात जोडले, डोळे मिटले. ताई, तो गप्प झाला. तू त्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवलास.

प्रार्थना वाईट असं मी म्हणत नाही, ते सरही म्हणत नसतील. तुझी आजी बायबलबाई होती. राहुरी, नेवासा, कुठे कुठे पायी जायची, आणि तिची प्रार्थना ऐकायला इतर जातीधर्माच्या बायकाही बसायच्या. पण आजी आधी दळण दळू लागायची. जातं फिरतंय तोवर समोरची बोलत राहायची, नजरेला नजर द्यावी लागत नाही ना. प्रार्थना पीठ भरून झाल्यावर. तिला कोणी कोर्स दिला नव्हता.

तुझा तो बॉइसेन मला आवडला, त्याच्यासाठी तरी बॅग परत खाटेखाली सरकव. पाळक झालेला माणूस, १९२० साली स्वतःच वेडाच्या झटक्यानं मनोरुग्णालयात जातो, आणि बरा झाल्यावर १९२५ साली वूस्टरच्या तसल्याच एका रुग्णालयात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी घेऊन उतरतो. म्हणे, पुस्तकं वाचता तसा जिवंत माणूस वाचा, तोही दस्तऐवजच आहे. तुमच्या या सगळ्या शिक्षणाची सुरुवात तिथली. आणि ते वूस्टर मॅसेच्युसेट्समधलं. आपल्या नगरला १८३१ पासून मिशनरी धाडणारं बोर्ड बोस्टनचं, म्हणजे त्याच राज्यातलं. पण खरं सांगू? असा माणूस आपल्याकडे असता तर आपण त्याच्या हातात अर्पणाची थैलीसुद्धा दिली नसती. ‘त्याला मधे काहीतरी झालं होतं’ एवढं एक वाक्य पुरतं आपल्याला.

यावरून जे सांगायचंय त्यासाठी तू रागावलीस तरी चालेल. तुम्ही देवाची माणसं मनाच्या आजारावरच्या गोळ्यांना फार घाबरता. आपल्याच ओळखीतला एक मुलगा, चांगला शिकलेला, गोळ्यांवर व्यवस्थित होता. प्रार्थनेच्या एका गटात त्याला कोणीतरी म्हणालं, ‘विश्वास आहे ना, मग गोळी कशाला?’ त्यानं सोडल्या. दोन महिन्यांत त्याला दोरीनं बांधून आणावं लागलं. आणणाऱ्यांत तोच गट पुढे होता. इन्सुलिनबद्दल असं म्हणायला कोणी धजत नाही. म्हणून तुम्हाला कुठे थांबायचं, कोणाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, हे शिकवतात तो तास चुकवू नकोस. आवाज ऐकू येणं, रात्र रात्र झोप नसणं, जेवण तुटणं, मरणाचं बोलणं. तिथे पाळकानं सोबत जावं, ओपीडीच्या बाकावर बसावं, पण एकट्यानं झुंजू नये.

मरणाच्या बोलण्यावरून आठवलं. आमच्या वॉर्डात दर पावसाळ्यात ‘औषध घेतलेले’ यायचे. पिकावर फवारायचं तेच. पोट धुवायचं, उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन चालू करायचं, रात्रभर डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, झालेली असायची, म्हणून हवालदार वही घेऊन यायचा, कारण तेव्हा ३०९ कलमाखाली मरता मरता वाचणं हाच गुन्हा. घरचे म्हणायचे, ‘चुकून प्यायला, काढा समजून.’ आम्ही विचारायचो कोणतं, किती, कधी. त्यापलीकडचं विचारणारं माणूस वॉर्डात नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं ठरवलंय, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारवर आहे. कायदा बदलला, पण मंडळीतल्या कुजबुजीचं कलम अजून तेच आहे. अशा घरची मयत असली की पाळकांचासुद्धा आवाज बारीक होतो.

तू फोनवर म्हणालीस, ‘का केलंस’ असं विचारू नये, ‘काय झालं होतं’ असं विचारावं. मला आधी हसू आलं, एका शब्दाचा काय तो फरक. मग विचार केला, ‘का’ म्हटलं की माणूस हवालदाराला द्यायचा तोच जबाब देतो. आणि जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ तोंडावर विचारायचं, विचारल्यानं तो विचार रुजत नाही, हे तुझ्याकडून कळलं तेव्हा बरं वाटलं. आम्ही उलटच समजायचो. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मी चर्चच्या सूचनाफलकावर लिहिलाय, मराठीतही बोलतात म्हणून. कोणी दोनदा पुसला. मी तिसऱ्यांदा तैलरंगानं लिहिला.

एक मात्र विसरू नकोस. गुप्तता म्हणजे सगळंच पोटात ठेवणं नव्हे. लेकरावर कोणी लैंगिक अत्याचार करतंय असं कळलं तर पोक्सो कायद्याखाली कळवावंच लागतं, तिथे ‘पाळकाला विश्वासानं सांगितलं’ चालत नाही. हे भेटीच्या सुरुवातीलाच समोरच्याला सांगून टाक. नंतर सांगितलं की दगा वाटतो.

पप्पांचं विचारशील तर त्यांचं तेच चालू आहे, ‘नोकरी कुठे?’ त्यांचंही चुकत नाही. मिशनचे दवाखाने एकेक करून बंद झाले, आणि समुपदेशनासाठी वेगळा पगार देणारी मंडळी मी तरी पाहिली नाही. पण परवा शेजाऱ्यांनी विचारलं, ‘पोरगी श्रीरामपूरला शिकली का?’ तेव्हा पप्पा ताठ बसले. म्हणाले, ‘आपल्या जिल्ह्यातलं नव्हे हो, बंगालचं सेरामपूर. पुण्यात शिकली, पदवी तिथली. १८१८ चं कॉलेज, १८२७ ची डेन्मार्कच्या राजाची सनद!’ मग त्या कॉलेजच्या केरीसाहेबानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं इथपर्यंत गेले. शेजारी चहा न पिताच उठले. तर काळजी करू नकोस, तुझ्या पाठीमागे तुझं कौतुक होतं, फक्त तुझ्यासमोर होत नाही.

समुपदेशन हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. आत उपदेश बसलाय. आपली माणसं तेवढाच उचलतात. पत्नीशी असं वागा, सासूशी तसं वागा, वचन अमुक अध्याय अमुक. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत, ते कोणाला आठवत नाही. पुढे तोंड उघडून घोळ घातला तोच लक्षात राहतो.

मला मात्र एलिया संदेष्टा जवळचा वाटतो, नर्स आहे म्हणून असेल. झुडपाखाली पडून तो म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. दूत येतो तो काय करतो? उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो. तो खातो, परत झोपतो. परत उठवतो, परत खायला घालतो. देव ‘इथे काय करतोस’ असं विचारतो ते चाळीस दिवसांनी, डोंगरावर. तोपर्यंत कोणी एक प्रश्न केला नाही. ‘विश्वास कमी पडला’ असंही कोणी म्हणालं नाही.

त्या बापाकडे परत जा. मुलगा अजून वॉर्डात असेल तर उद्याच जा. काय बोलू असं मला विचारशील, तर मला ठाऊक नाही. ‘परवा तुम्ही काही सांगत होता आणि मी मधेच प्रार्थना सुरू केली’ एवढं म्हणता येईल. मग तो बोलेल किंवा नाही. त्याचं हिंदी मोडकं, तुझं हिंदी मोडकं, दोघांनाही वेळ लागेल. हातात काही नेऊ नकोस. पवित्र शास्त्र पिशवीतच राहू दे, तो मागेल तेव्हा काढ. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडेल. मला अजूनही पडतो.

शनिवारी पार्सल टाकलंय. शेंगदाण्याची चटणी, दोन किलो बाजरीचं पीठ, आणि ती जाड शाल. वेल्लोरला शाल कशाला, असं पप्पा म्हणाले, पण रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या कोणाला तरी लागेल. पीठ कडू व्हायच्या आत संपव.

दुसरं व्हर्बेटिम लिहून झालं की गटात वाच, सरांना दे, मला पाठवू नकोस. मला फक्त जेवलीस का ते कळव.

तुझी,
आई