ताई, एक व्हाउचर राहिलंय

ती. ताई,
सा. न. वि. वि.

पत्र उघडं आहे, पण त्यात तुमचं नाव नाही, संस्थेचं नाही, गावाचं नाही. बायकांचे तपशीलही मी इकडचे तिकडे करून टाकलेत. चारचौघांत बोलायचं आणि कुणाचा माग लागू द्यायचा नाही, ही सवय तुमच्याच हाताखाली लागली. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

घरच्या मारहाणीतून निघालेल्या बायकामुलींसाठीच्या आपल्या संस्थेचं काम तुम्ही सोडलंत, त्या निरोपाच्या दिवशी मी बोललो नाही. हिशेबनिसाच्या हातात माइक दिला की तो एकतर आकडे सांगतो नाहीतर रडतो, आणि मला दोन्ही टाळायचं होतं. तिथे जे बोलले ते सगळे तुमच्या धाडसाबद्दल बोलले. मध्यरात्री पोलिसांसमोर ठाण मांडून बसलेल्या ताई, दारात येऊन आरडाओरडा करणाऱ्या नवऱ्याला शांतपणे परत पाठवणाऱ्या ताई. खरंच आहे ते. पण मी तुम्हाला अकरा वर्षं व्हाउचरांच्या फायलींतून पाहिलं, आणि तिथून दिसलेल्या ताईंबद्दल कुणी काही बोललं नाही.

मी आलो होतो तीन महिन्यांसाठी. ऑडिट तोंडावर होतं आणि खतावणीचा पार बोऱ्या वाजला होता. पहिल्याच आठवड्यात एक पावती घेऊन तुमच्याकडे आलो. ‘कुलूप नग 1, किल्ल्या 3.’ ऑफिस दुरुस्तीत टाकू का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, “ऑफिसचं नाही ते. कोर्टाने त्याला घराबाहेर काढलंय, पण त्याच्या खिशात जुनी किल्ली आहे ना?” मी जागेवर जाऊन ‘सुरक्षा’ नावाचं नवं खातं उघडलं. त्या खात्यात पुढे काय काय येऊन बसलं! दाराच्या साखळ्या, नवी सिमकार्डं, रात्रीचं गाडीभाडं, अनवाणी आलेल्या मुलीच्या चपला. एकदा चक्क कुत्र्याच्या डॉक्टरचं बिल. ते मी लाल शाईने ‘नामंजूर’ लिहून परत पाठवलं होतं, आठवतं? तुम्ही रागावला नाहीत. समोर बसवून सांगितलंत की ती बाई दोन वर्षं निघू शकत नव्हती, कारण तू गेलीस तर कुत्र्याला मारून टाकीन असं तिचा नवरा रोज म्हणायचा. कुत्र्याची सोय लागली त्या रात्री ती निघाली. बिल मंजूर झालं, आणि माझी लाल शाईची बाटली बहुतेक त्यानंतर उघडलीच नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा फार लागली होती. घर सोडून आलेल्या बायका जिथे राहतात त्या निवाऱ्याचं भाडं दर महिन्याला मी भरायचो, पण पत्ता मला माहीत नव्हता. करारनामा तुमच्या कपाटात. ऑडिटर आले की तुम्ही तो तुमच्या खोलीत, तुमच्यासमोर दाखवायचात आणि परत कुलपात ठेवायचात. मी पुरुष म्हणून माझ्यावर विश्वास नाही, असं मी धरून चाललो होतो. एकदा तोंडावर बोललोही. तुम्ही म्हणालात, “पत्ता वाईट माणसं फोडत नाहीत रे. चांगलीच माणसं फोडतात, बोलता बोलता.” आणि मग विश्वस्तांपैकीही निम्म्यांना तो माहीत नाही, हे सांगितलंत. तेव्हा कुठे माझा फुगा फुटला. चार वर्षांनी पाण्याची मोटर जळाली आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून तुम्ही मला तिथे घेऊन गेलात. निघण्याआधी माझ्या फोनमधलं लोकेशन बंद करायला लावलंत. तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोनही पहिल्यांदा तसाच तपासला जातो, कारण नवऱ्याने कधीतरी ‘सोयीसाठी’ म्हणून जोडून ठेवलेलं खातं तिचा ठावठिकाणा परस्पर त्याला कळवत असतं.

मी आकड्यांचा माणूस, म्हणून एक आकडा सांगतो. तोही तुमच्याकडूनच कळलेला. दवाखान्याची एक पावती होती, रात्री साडेअकराची. सोबत कार्यकर्तीची चिठ्ठी: ‘जखम नाही. खबरदारी म्हणून.’ मी कुरकुरलो. जखम नाही तर एवढ्या रात्री एवढा खर्च कशाला? त्या बाई म्हणत होत्या, “काही विशेष नाही, नुसता गळा धरला त्याने.” तुम्ही दिलेलं उत्तर मी विसरलेलो नाही. गळा दाबल्यावर बऱ्याचदा बाहेरून खूणच दिसत नाही, आणि आत मात्र इजा झालेली असू शकते. शिवाय जोडीदाराने एकदा गळा दाबलेल्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सातपट असतो, असं अमेरिकेतल्या संशोधनात दिसलं आहे. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या परिचारिकेने 1985 मध्ये धोका ओळखण्यासाठी प्रश्नांची एक यादी तयार केली. तुम्ही ती सगळ्या कार्यकर्त्यांकडून घोकून घेतली होतीत. गळा कधी दाबला का? घरात हत्यार आहे का? मारहाण अलीकडे वाढली आहे का? तुम्ही नुकत्याच वेगळ्या झालात का? हा शेवटचा प्रश्न मला आधी उलटा वाटायचा. वेगळी झाली म्हणजे सुटली ना? तुम्ही म्हणायचात, निघाल्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट, त्याच दिवसांसाठी तर आपण आहोत. मग गाडीभाड्याची व्हाउचरं कायम त्याच दिवसांत का फुगतात तेही कळलं.

पैशांचं बोलू. बाहेरच्यांना वाटतं अशा संस्थेला पैसा मिळवणं अवघड. मिळालेला पैसा हव्या त्या जागी वापरता येणं त्याहून अवघड, हे आतल्यांनाच ठाऊक. शिबिरं, फलक, पुस्तिका यांना देणगीदार असतात. रात्री दोनला वाजणारा फोन उचलणाऱ्या बाईचा पगार कुठल्याच प्रकल्पात बसत नाही. तरी तुम्ही अर्जामागून अर्जांत तो पहिल्या ओळीत लिहायचात आणि तो कापला गेला की पुन्हा लिहायचात. मी म्हणायचो, ताई, ‘समन्वय’ असं काहीतरी गोल लिहू, पास होईल. तुम्ही म्हणायचात, “फोन उचलायचे पैसे असंच लिही. त्यांना कळू दे कशाला नाही म्हणतायत ते.”

आणि तो मोठा देणगीदार. वर्षभराचा खर्च एकटा द्यायला तयार होता, अट एवढीच की मुलींच्या हस्ते सत्कार आणि फोटो. चेहरे पुसट करू म्हणाला. तुम्ही दोन मिनिटांत नाही म्हणालात, आणि मी आठवडाभर तुमच्याशी धड बोललो नाही. आज कबूल करतो, मी तेव्हा घरी बायकोला म्हणालो होतो की यांना तत्त्वं परवडतात, मला पगार करायचेत. पुढचे दोन महिने पगार खरंच उशिरा झाले. तुम्ही सगळ्यांना एकत्र बसवलंत आणि बँकेत किती शिल्लक आहे ते मला फळ्यावर लिहायला लावलंत. माझा हात कापत होता. शिल्लक लपवायची असते, असंच मी आधीच्या सगळ्या नोकऱ्यांत शिकलो होतो. एक कार्यकर्ती सोडून गेली, तिला तुम्ही शिफारसपत्र दिलंत. बाकीच्या राहिल्या. सहा महिन्यांचा राखीव निधी त्या फळ्यातून निघाला, तो जमवायला चार वर्षं लागली, आणि तो कशासाठीही मोडायचा नाही हा ठराव तुम्हीच विश्वस्तांकडून करून घेतलात.

अहवालातला ‘यशस्वी प्रकरणे’ हा रकाना आठवतो? एक बाई तिसऱ्यांदा आली होती. दोनदा घरी परत गेली होती. मी विचारलं, हिला यशस्वीत धरू की अयशस्वीत? तुम्ही कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “तिसऱ्यांदा आपल्याच दाराशी आली ना? तसं लिही.” रकान्यात ते मावणारं नव्हतं, म्हणून तुम्ही रकानाच बदललात. त्या वर्षापासून आपण ‘पुन्हा संपर्क साधलेल्या’ असं मोजतो. देणगीदारांना ते समजवायला तुमचे दोन दिवस गेले, आणि एका देणगीदाराला ते शेवटपर्यंत समजलं नाही.

मुलींच्या बाबतीत तर तुम्ही आम्हा सगळ्यांची एक सवय मोडून काढलीत. घाबरलेलं पोर समोर आलं की माणूस पटकन म्हणून जातो, “सांग बाळा, मी कुणाला सांगणार नाही.” हे वाक्य संस्थेत बंद. कारण सांगावं लागतंच. तिला वाचवायचं तर यंत्रणेला कळवावं लागतं, आणि मग त्या मुलीच्या लेखी आपणही फसवणाऱ्यांतले एक होतो. त्याऐवजी म्हणायचं, “मला जे सांगशील त्यातलं कुणाला काय सांगावं लागेल, ते मी आधी तुला सांगेन.” मी हे घरी माझ्या मुलीशी बोलताना वापरतो. ती वैतागते, पण सांगते.

पंचवीस नोव्हेंबरबद्दल लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. 1960 साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहाच्या माणसांनी मिराबाल भगिनींपैकी तिघींना त्या दिवशी ठार मारलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी 1999 मध्ये तो दिवस स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा दिवस म्हणून ठरवला. दरवर्षी 25 नोव्हेंबरपासून 10 डिसेंबरपर्यंत सोळा दिवसांची मोहीम चालते. त्या सोळा दिवसांत भाषणाला बोलवायला किती फोन यायचे! तुम्ही जायचात, बोलायचात, आणि प्रत्येकाला शेवटी सांगायचात, “मला आता 11 डिसेंबरला फोन करा.” अकरा वर्षांत असे तीन फोन आले. तिघेही आजपर्यंत दर महिन्याला पैसे पाठवतात. हे मी पडताळून लिहितोय.

आणि त्या भाषणांनंतर कुणीतरी हमखास उठून म्हणायचं की निवारे वगैरे हे बाहेरचं खूळ, घरं मोडणारं. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत. लंडनच्या चिझिकमध्ये 1971 मध्ये असा निवारा सुरू झाला हे खरं, म्हणायचात, पण त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी, 1863 मध्ये, फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घराचं दार उघडलं होतं. मग खाली बसायचात. पुढचा प्रश्न यायचा नाही.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. एका वर्षी खर्च कापायचे होते. मी यादी केली आणि सगळ्यात वर लिहिलं: बाहेरच्या समुपदेशकाचं मानधन. दर पंधरवड्याला कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे जाऊन बोलायचं, त्याचे पैसे. मला ती चैन वाटत होती. तुम्ही त्या ओळीवर काट मारलीत आणि कारण न देता मला म्हणालात, “पुढच्या गुरुवारी तू जा.” मी? मी तर नुसती व्हाउचरं लावतो. पण गेलो. आणि तिथे पंधरा मिनिटांत माझ्या तोंडून निघालं की मला झोप लागत नाही, की खोलीच्या दाराची कडी मी रात्री तीनदा तपासतो, की कुठल्याही पावतीवर ‘लहान मुलीचे कपडे, जोड 2’ असं वाचलं की माझा हात थांबतो. मी कुणाचीही कहाणी समोर बसून ऐकली नव्हती. नुसत्या पावत्यांतून ती माझ्यात शिरत गेली होती. तुम्हाला ते माझ्या आधी कळलं होतं. कसं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. पण त्या गुरुवारबद्दल आभार. बाकी सगळं नोकरीचा भाग म्हणून सोडून देता येईल, ते येणार नाही.

आता भांडण. आम्हाला सगळ्यांना धाडणाऱ्या तुम्ही स्वतः मात्र सात वर्षं तिकडे फिरकला नाहीत. मानधनाच्या बिलांवर नावांऐवजी क्रमांक असतात, पण कोणता क्रमांक कुणाचा ते मला माहीत असतं. तुमचा क्रमांक त्या बिलांत नसायचा. रजेचा अर्जही नाही. हे चुकलंच तुमचं, आणि त्याची किंमत तुमच्या गुडघ्यांनी आणि रक्तदाबाने मोजली. नव्या ताई आल्या त्याच महिन्यात तिथे जाऊन आल्या. मला फार बरं वाटलं, आणि तुमचा थोडा रागही आला.

तुम्ही दोन वर्षं आधी विश्वस्तांना सांगितलंत की मी अमुक तारखेला जाणार, आणि त्याच तारखेला गेलात. पहिल्यापासून असलेली माणसं अशी जात नाहीत. बँकेच्या खात्यावरून तुमची सही काढायचा फॉर्म मीच भरला. बँकेने तो परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. नमुन्याच्या कार्डावरची तुमची सही लांबलचक, शेवटी फराटा असलेली. आत्ताची आखूड, घाईतली. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. मग तुमच्याकडे आलो आणि तुम्ही जीभ दाताखाली धरून ती जुनी सही पुन्हा जमवलीत. तिसऱ्या प्रयत्नात पास झाली.

फाइल बंद करताना एक गोष्ट सापडली. मागच्या वर्षी कोर्टाच्या तारखांना तुम्ही चौदा वेळा गेलात, त्याचा प्रवासखर्च तुम्ही मागितलेलाच नाही. तारखा माझ्याकडे आहेत, गाडीभाड्याचे दर आहेत, व्हाउचर मी भरून ठेवलंय. देणगीत जमा कर असं सांगू नका. ते आधी तुमच्या हातात पडणार, मग तुम्ही काय हवं ते करा.

फुलीच्या जागी सही करून पाठवा. नवीन सही चालेल.

तुमचा,
हिशेबनीस